अंगावर नाहीतर कुलपात

दसरा, १९९४. वाटूर, कौसल्याअक्कांच्या घरची ओसरी. वेळ दुपारची, जेवणाआधीची.

हजर: कौसल्याअक्का, स्वयंपाकघरात. त्यांचे धाकटे दीर रंगनाथराव, पूजा आटोपून अंगणात गेलेले. ड्रायव्हर रामभाऊ, तिथेच जीपला झेंडूचा हार बांधताना. अक्कांची मुलगी मीना, वय एकोणीस, ओसरीवर. आणि मी, शैला, अक्कांची जालन्यातली घरमालकीण, सणाला बोलावलेली, हातात कॅमेरा. गैरहजर: अक्कांचे यजमान भगवानराव. ते भिंतीवर, हारात.

पाटावर मांडलेलं: दोन विळे, कुऱ्हाड, तिफणीचा फण, मीनाची कॉलेजची पुस्तकं, काडतुसांची डबी, आणि मधोमध अक्कांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, हळदीकुंकवाची बोटं ओढलेलं.

अशी मांडणी करायची मला सवय आहे. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात मी पॅकिंगचं खातं सांभाळते. कोण हजर आहे, काय कुठे ठेवलंय, हे आधी लिहिलं की डोकं जागेवर राहतं. त्या दुपारची यादी मात्र दर वेळी पाटापर्यंत येते आणि अडते.

मीना म्हणाली, "मावशी, माझा एक फोटो काढा ना, आईच्या रिव्हॉल्व्हरसोबत." मी म्हटलं, आईला विचार. त्यावर ती म्हणाली, "रिकामंच आहे हो. सकाळी उघडून दाखवलं ना आईनं." ते खरं होतं, मीही तिथेच होते. तिनं ते उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि सिनेमातल्यासारखं माझ्यावर रोखलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. छोट्या काचेतून मीनाचं हसू दिसत होतं आणि त्याच्या पुढे एक काळं गोल भोक.

स्वयंपाकघराच्या दारात अक्का आल्या. हातात आपट्याच्या पानांचं ताट होतं.

पुढचं सांगण्याआधी अक्का कोण ते सांगते. नाहीतर त्या क्षणी त्या काय बोलल्या आणि काय बोलल्या नाहीत, याचा अर्थ लागायचा नाही.

मीनाच्या कॉलेजसाठी जालन्यात राहायचं म्हणून अक्का माझ्या वरच्या दोन खोल्या बघायला आल्या त्या एक्क्याण्णव साली. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, पायांत पुरुषी चपला. नळाला पाणी किती वाजता येतं, जिन्याचं दार आतून लागतं का, एवढंच विचारलं आणि म्हणाल्या, "एक गोष्ट आदुगर सांगते. माझ्यापाशी परवान्याचं रिव्हॉल्व्हर हाय. चालत आसंल तर हो म्हन. न्हाई तर मी दुसरीकडं बघते. लपवून राह्यची मला सवय न्हाई."

मी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी अटींची यादी वाचून दाखवली: लोखंडी कपाट हवं, काडतुसं वेगळ्या डबीत हवीत, किल्ली त्यांच्याच गळ्यात हवी, आल्यागेल्याला ते दाखवायचं नाही. अक्कांनी उभ्याउभ्या सगळं ऐकलं.

"चारीबी बराबर. पाचवी मी घालते. आत्ता ते कुठं हाय, आसं तू मला कधी इचारायचं न्हाई. कारन त्याला दोनच जागा. अंगावर न्हाईतर कुलपात. तिसरी जागा न्हाई."

नव्वदच्या उन्हाळ्यात भगवानराव आणि अक्का एका लग्नाहून जीपनं परतत होते. गाडी भगवानराव स्वतः चालवत होते. वाटूर फाट्याच्या अलीकडे रस्त्यात एक बैलगाडी आडवी लावलेली होती. भगवानराव तिला बाजूला घ्यायला सांगण्यासाठी उतरले आणि परत चढले नाहीत. दिवस मावळायचा होता, उजेड स्वच्छ होता. कुऱ्हाड कोणाच्या हातात होती ते अक्कांनी पाहिलं. बांधाला बांध असलेला शेजारी शेषराव, आणि सोबत त्याचा एक नातेवाईक. पाहणारं दुसरं कोणीच नव्हतं. पुढे दोघं जामिनावर सुटले आणि खटला तारखांवर तारखा घेत पडून राहिला.

म्हणजे सगळी केस एका माणसाच्या डोळ्यांवर उभी होती. साक्षीदार कोर्टात पोचली तर केस, नाही पोचली तर काही नाही. हे अक्कांना जितकं कळत होतं तितकंच शेषरावलाही. गावातली वडीलधारी माणसं अक्कांकडे येऊन सांगत, झालं ते झालं, पोरीचं लग्न व्हायचंय, साक्ष जरा सैल ठेवा. एकदा तर दाराशी कोणीतरी नवं लुगडं आणि नारळ ठेवून गेलं. शेषरावची बहीण व्हा, असा त्याचा अर्थ. अक्कांनी ते लुगडं चावडीवर नेऊन ठेवलं. नारळ तेवढा फोडून खाल्ला. नारळाचा काय गुन्हा, म्हणाल्या.

परवाना मिळायला वर्ष गेलं. खरेदीची हकीकत मला रामभाऊनं सांगितली, कारण तो सोबत होता. औरंगाबादच्या दुकानदारानं आधी रामभाऊकडे बघूनच बोलायला सुरुवात केली. मग अक्कांना म्हणाला, बाई, घरातल्या पुरुषमाणसाला घेऊन या, त्यांना कळतं. अक्का म्हणाल्या, "घरातल्या पुरुषमान्साला मारलं म्हनून तर आलेय."

त्यानं मग एक छोटं, चकचकीत जुनं परदेशी पिस्तूल काढलं. बायकांच्या पर्समध्ये मावतं म्हणाला. अक्कांनी विचारलं, ह्यात गोळी हाय का न्हाई, ते कसं कळतं? खालचा गोळ्यांचा खण काढला तरी वर नळीत एखादी राहू शकते, पण सवयीनं जमतं, असं त्यानं सांगितलं. म्हणजे पिशवी झटकली तरी कोपऱ्यात एखादं नाणं राहतं तसं, अक्का म्हणाल्या, आणि ते परत केलं. त्यांना असं हत्यार हवं होतं की उघडलं की काडतुसांची सगळी घरं एका नजरेत दिसावीत. त्यांनी रिव्हॉल्व्हर मागितलं. दुकानदारानं दोन-तीन समोर ठेवली. अक्कांनी प्रत्येक आधी उघडून पाहिलं, मग त्याच्या परवानगीनं भिंतीकडे धरून रिकामा चाप पुन्हा पुन्हा ओढला. कोणत्याचा दस्ता मुठीत पुरता येतो, कोणत्याच्या चापापर्यंत बोट न ताणता पोचतं, ओढताना नळीचं तोंड किती हलतं, एवढंच बघत होत्या. सगळ्यात देखणं होतं ते नाकारलं. काळं, साधं, हातात बसणारं घेतलं. रामभाऊला ते बिलकुल आवडलं नव्हतं. अक्का त्याला म्हणाल्या, जोडा पायाला बघून घेतात, दुकानाच्या काचेला बघून नाही.

चालवायला शिकवलं ते त्यांच्या मामेभावानं. ते लष्करातून परत आले होते. घरं सहा, पण काडतुसं पाचच भरायची, हेही त्यांचंच शिकवणं. हत्यार जुन्या धाटणीचं, पडलं तर घोडा, म्हणजे मागून आदळणारी हातोडी, समोरचं काडतूस उडवू शकतो. म्हणून घोड्यासमोरचं घर कायम रिकामं. अक्का त्याला देवाचं घर म्हणत.

खरी पंचाईत ते बाळगायची होती. पुरुषाला पँट असते, पट्टा असतो. लुगड्याला काय? पर्समध्ये ठेवा असं सगळे सांगत. अक्कांचं म्हणणं, पिशवी खाली ठेवली जाते, विसरते, हिसकावली जाते, आणि मीनी सुट्टे पैसे शोधायला तिच्यातच हात घालते. मग वाटूरच्या सुताराकडून त्यांनी रिव्हॉल्व्हरच्या मापाचा हुबेहूब लाकडी नमुना करून घेतला. चांभाराकडे खरं हत्यार ठेवायचं नव्हतं. त्या नमुन्यावर चांभारानं जाड चामड्याचं म्यान शिवलं. चाप पूर्ण झाकला जाईल असं, वर झडप, झडपेला बटण. ते एका रुंद पट्ट्यावर पक्कं केलं. पट्टा लुगड्यावरून कमरेला, म्यान उजवीकडे थोडं पुढे, वरून पदर.

मग महिनाभर आमच्या वरच्या खोलीत तालीम चालली. दार लावून आरशासमोर उभ्या राहायच्या: डाव्या हातानं पदर बाजूला, उजवा हात झडपेवर, बटण, मूठ, आणि बोट सरळ, चापाच्या बाहेर. हे सगळं लाकडी नमुन्यावर. एकदा मी चहा घेऊन गेले तर पदर बटणात अडकून अक्का गोल फिरत होत्या. मला म्हणाल्या, "हस. पर बाहेर सांगू नको. न्हाई तर शेषरावला कळंल की मला मारायला पदरच पुरंसा हाय."

रोज बाहेरून आल्यावर जिन्याखाली एक काम असे. तिथे वाळूनं भरलेली लोखंडी बादली ठेवली होती. रिव्हॉल्व्हर काढायचं, तोंड बादलीकडे धरायचं, उघडायचं, काडतुसं डबीत, घरांत बोट फिरवून बघायचं, मग वर कपाटात. वीजमीटर बघायला येणाऱ्यानं त्या बादलीत एकदा विडी विझवली. अक्कांनी त्याला ती वेचून काढायला लावली. तो बिचारा समजला की वाळू देवाची असेल.

त्र्याण्णवमध्ये ज्वारी काढून झाल्यावर मी एकदा त्यांच्याबरोबर वाटूरहून परतत होते. पुढे रामभाऊ आणि अक्का, मागे मीना आणि मी. गाव सुटल्यावर एक मोटरसायकल मागे लागली. दोघं होते. मागच्याच्या हातावर घोंगडी टाकलेली होती. थंडी नव्हती. मोटरसायकल अक्कांच्या बाजूनं आली, इतकी जवळ की मागच्यानं जीपच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केली आणि विचारलं, "वैनी, लुगडं पसंद न्हाई पडलं का?"

अक्का समोर बघत राहिल्या. उजवा हात पदराखाली गेला होता. मी मागून बघत होते. पदरावर बोटाचा उभा आकार उमटला होता, सरळ. रामभाऊनं वेग वाढवला तशा त्या म्हणाल्या, जल्दी करू नको, हळूबी नको, हाय तसंच ने.

मोटरसायकल पुढे गेली. वळणावर पोचलो तेव्हा ती रस्त्यात आडवी लावलेली होती. दोघं खाली उतरून उभे. बैलगाडीच्या जागी मोटरसायकल, एवढाच फरक. मीनानं माझं मनगट धरलं. रामभाऊचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नको," अक्का म्हणाल्या. "रस्त्याखाली घे. रानातून."

जीप उताराला लागली, धसकटांवरून उडत गेली. माझं डोकं वर टपाला आपटलं. अक्का एका हातानं दांडी धरून आणि दुसऱ्या हातानं म्यानाची झडप दाबून बसल्या होत्या. बटण काढलेलं नव्हतं. रान ओलांडून पुढे रस्त्याला लागलो. पुढच्या गावी बाजार होता. अक्कांनी गाडी पोलीस चौकीसमोर, मिरचीच्या ढिगांमध्ये उभी करायला लावली. तिथे पदराखालून हात काढला तर तळव्यावर बटणाचा वाटोळा वण उठलेला. घोंगडीखाली काय होतं, मला आजही माहीत नाही.

चौकीत तक्रार लिहून झाल्यावर रामभाऊ धुमसत होता. "अक्का, नुसतं काढून दावलं आस्तं तरी पळाले आस्ते."

"दावायची ती नथ," अक्का म्हणाल्या. "हे काढलं की चालवावं लागतं. चालवलं की मी आरोपी. मंग साक्ष कोन देईल, तू? रस्ता बंद आसंल तर रान हाय. रान बंद झालं की मंग ते."

हे सगळं सांगून झालं. आता ओसरीवर परत येते.

अक्का दारात उभ्या होत्या, हातात ताट. मीना हसत होती. मी डोळ्याला कॅमेरा लावून. अक्का ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. ताट उंबऱ्यावर ठेवलं. आवाज इतका साधा की जेवायला हाक मारतायत असं वाटावं.

"मीने, बोट."

मीनाचं बोट चापावर होतं. ते सरळ झालं.

"आता तोंड भुईकडं. सावकाश. शैला, तू हलू नको."

अक्का भिंतीच्या कडेनं गेल्या, मीनाच्या मागून, नळीच्या समोर कुठेच न येता. मागूनच दोन्ही हात पुढे घेऊन रिव्हॉल्व्हर काढून घेतलं. मीना पुटपुटत होती, आई, रिकामंच आहे, तूच सकाळी. अक्कांनी ते जमिनीकडे धरूनच उघडलं.

सहा घरं, सहा पितळी टिकल्या. घोड्यासमोरच्या घरातसुद्धा.

मी डोळ्यावरचा कॅमेरा खाली घेतला. अक्कांनी एकेक काडतूस काढून लुगड्याच्या ओच्यात टाकलं, घरांत बोट फिरवलं, बोटाला कुंकू लागलं. मग अंगणाकडे तोंड करून विचारलं, "भावजी, हे कुनी भरलं?"

रंगनाथराव हसतच आत आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "मीच की. वैनी, रिकाम्या हत्याराची कुठं पूजा आस्ती का? पाव्हन्याम्होरं रिकामं ताट ठिवतो का आपुन? तुमी न्हायला गेल्ता तवा भरलं. तुमाला उघडताना पाह्यलं व्हतं. पाचच कामून भरता तेबी कळंना, मंग सहावं भरून पुरं केलं. आज सनाचं अपुरं नको."

त्यांच्या दृष्टीनं यात चूक काहीच नव्हती. रिकामी ओटी भरत नाहीत, रिकामं भांडं शेजारणीला परत करत नाहीत, तशी ही रिकामी बंदूक. मीनाच्या दृष्टीनंही चूक नव्हती: आईनं उघडून पाहिलं म्हणजे ते रिकामं. मग त्यांनी मीनाकडे पाहिलं, माझ्याकडे, माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे, आणि बाजेची कड धरून खाली बसले. मलाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

अक्का दिराला बोलल्या नाहीत. मीनालाही नाही. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पाट ही तिसरी जागा झाली. वर्साचा एक दिवस, देवाचं म्हनून मी सोडलं. शेषरावला जे चार सालात जमलं न्हाई ते माज्या घरात माज्याच हातानं झालं आस्तं." मग म्हणाल्या, "पोरीला मी माझ्यावर भरोसा ठिवायला शिकवलं. उघडून बघायला शिकवायचं ऱ्हायलं."

ते त्याच संध्याकाळी शिकवलं. मीना हात लावायला तयार नव्हती, रडत होती. अक्कांनी तिच्यासमोर रिकामं रिव्हॉल्व्हर उघडून दाखवलं, बंद केलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, आता तू उघड. मीना म्हणाली, आत्ताच तर तू पाहिलंस. अक्का म्हणाल्या, मी पाहिलं. तू कुठं पाहिलंस?

पुढच्या वर्षापासून पाटावर लाकडी नमुना ठेवायला लागल्या. रंगनाथरावांना म्हणाल्या, "आता भरा भावजी, किती भरायचं ते." तेही हसले, पण त्या नमुन्याला कुंकू लावताना त्यांचा हात जरा लांबूनच असे.

साक्षीची तारीख लागली ती पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत, आणि नेमक्या निवडणुका लागल्या. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. पोलिसांकडे अर्ज करून सूट मागा, असं वकिलांनी सुचवलं. अर्ज केला, तो मंजूर झाला नाही. अक्का ठाण्यात गेल्या, हवालदारासमोर रिव्हॉल्व्हर उघडून दाखवलं, त्यालाही उघडून बघायला लावलं, पावती घेतली. रामभाऊनं सुचवलं की लाकडी नमुना म्यानात घाला, पदराखाली कोणाला कळतंय. त्यावर त्या म्हणाल्या, खोटं हत्यार दिसलं की समोरचा खरी गोळी काढतो.

मागितल्यावर एक पोलीस शिपाई सोबत मिळाला. साक्षीच्या दिवशी अक्का, मी, रामभाऊ आणि शिपाई, आम्ही चौघं पायी निघालो. जीपनं नाही, रिक्षानं नाही, भाजीबाजाराच्या गर्दीतून. पदर सारखा करताना मला दिसलं, अक्कांनी पट्टा बांधलेला होता. म्यान रिकामं. मी काही विचारलं नाही. पाचवी अट तशीच होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात शेषराव बाकावर बसला होता. पांढरं धोतर, टोपी, हातात पानाची चंची. आम्हाला बघून उठला आणि हात जोडले. शिपाई दोन पावलं मागे होता.

"रामराम वैनी. निवडनुका लागल्यात. हत्यार जमा झालं आसंल तुमचं."

अक्कांचा हात पदराखाली गेला. मी बघत होते. कापडावर बोटाचा आकार उठला, सरळ, रिकाम्या म्यानावर.

"झालं, भाऊ. ते ठान्यात हाय. आज नुसतं तोंड आनलंय."

शेषराव खाली बसला. अक्कांचं नाव पुकारलं गेलं.

आत दुपारभर उलटतपासणी झाली. बैलगाडीचं तोंड कुठे होतं, ऊन डोळ्यांवर येत होतं का, नवऱ्याशी भांडण होतं का, असले प्रश्न वळणं घेऊन परत परत आले. विरोधी वकिलानं विचारलं की बाई, तुम्ही रिव्हॉल्व्हर बाळगता म्हणजे सूड घ्यायचाच विचार आहे ना? अक्का म्हणाल्या, परवाना चार वर्षांचा आहे, एक तरी गोळी कोणावर झाडली का ते ठाण्यात विचारा. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. निकाल लागला तेव्हा शेषरावला जन्मठेप झाली. नातेवाईक पुराव्याअभावी सुटला. अपील पुढे काही वर्षं चाललं, शिक्षा कायम राहिली.

मला वाटलं होतं, आता त्या हत्यार परत करतील. केलं नाही. सुटलेला एक माणूस बाहेर होता, आणि एकटीचं येणंजाणं होतं. वाळूची बादली माझ्या जिन्याखाली तशीच राहिली. मीना शिकली, तिचं लग्न झालं, अक्का वाटूर-जालना करत राहिल्या. केस पांढरे झाले, पट्ट्याला नवीन भोकं पडली. बोट सरळच.

ते रिव्हॉल्व्हर मी शेवटचं बघितलं दोन हजार चारच्या निवडणुकीआधी, ठाण्यात. हत्यार जमा करायला मी सोबत गेले होते, कारण त्यांना चढताना दम लागे. आत हवालदार नवा होता, तरुण. अक्कांनी रिव्हॉल्व्हर उघडून समोर धरलं. तो म्हणाला, दिसलं आजी, रिकामं आहे. त्या म्हणाल्या, माझं दाखवणं सोड, तू तुझं बघ. त्यानं वैतागून घरांत बोट फिरवलं तेव्हाच अक्कांनी पावतीवर सही केली.

बाहेर पायरीवर बसल्या. पावती घडी करून माझ्या हातात दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"ह्या खेपेला परत आनायला मी येईनसं वाटत न्हाई. माझ्यामागं ते घरी आनायचं का सरकारात जमा करायचं, मीनीला ठरवू दे. पर ठरवायच्या आदुगर तिला दसरा आठवायला सांग."

मग उठल्या, पदर सारखा केला, उजवा हात सवयीनं कमरेकडे गेला आणि तिथे काही नाही हे कळून मोकळा खाली आला. रस्ता ओलांडताना त्या दोन्ही हात हलवत चालत होत्या. तेरा वर्षांत मी त्यांना तसं चालताना पाहिलं नव्हतं.

निवडणूक झाली, पण त्या आणायला गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी अक्का वारल्या.

मीना आता वाटूरची शेती बघते, आठवड्याला एकटी मोटारीनं जाते. वारसानं अर्ज करावा, परवाना आपल्या नावावर मागावा किंवा हत्यार सरकारजमा करावं, अशी नोटीस इतक्या वर्षांनी ठाण्याकडून आलेली आहे. मी तिला दसऱ्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, मावशी, तो विसरायला मी काय वेडी आहे? अजूनही रिकामी बाटलीसुद्धा उलटी करून बघते मी. आणि थोड्या वेळानं, "पण शेषराव यंदा सुटून आलाय. फाट्यावरच्या हॉटेलात बसतो. परवा माझी गाडी बघून उठून उभा राहिला. हात जोडले."

पावती माझ्या कपाटात आहे, कुलपात. या महिन्याच्या कामांच्या यादीत तिसऱ्या ओळीवर लिहिलंय: मीनाला घेऊन ठाण्यात जाणे, अर्ज देणे. कोणता अर्ज, त्यासाठी जागा मोकळी सोडली आहे. मागच्या महिन्याच्या यादीतही ती ओळ अशीच होती.